आप्पा, लॉगिन का अडकायचं ते तुम्ही दाखवलंत

प्रिय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

धुळ्याहून फोनवर तुम्ही सर्व्हरवरचं लॉगिन का अडकतं आणि ते कसं सोडवायचं हे जे समजावून सांगितलंत, त्याबद्दल जळगावहून आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण चोपडा, शिरपूर, शहादा इथे एकट्यानं लिनक्स सर्व्हर सांभाळणारे बरेच आहेत आणि हा घोळ त्यांच्याही वाट्याला येणारच.

लक्षण फसवं असतं. पिंग चालतं (म्हणजे सर्व्हर हाकेला ओ देतो), पासवर्ड चालतो, पण प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायची जागा, काही येत नाही. डिस्कवर जागा भरपूर, लोड शून्याजवळ. तुम्ही आधीपासून उघड्या असलेल्या रूट सेशनमधून अडकलेल्या एसएसएचडीला (दुरून येणारी लॉगिनं घेणाऱ्या प्रोग्रॅमला) एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतोय ते दाखवणारं साधन) लावायला सांगितलंत. प्रोसेस 'सेंडटू'वर, म्हणजे संदेश पाठवण्याच्या कॉलवर, थांबलेली आणि संदेशाच्या तोंडाशी <८६>. हा आकडा लॉगच्या ओळीचा प्रकार सांगतो: ऑथप्रिव्ह (लॉगिनच्या नोंदी) या विभागाचा क्रमांक १०, त्याला ८ नं गुणून इन्फो (साधी माहिती) या पातळीचे ६ मिळवले की ८६. म्हणजे लॉगिन अडकलं होतं ते लॉगची ओळ लिहिताना!

याचं मूळ लांब असतं. आरसिसलॉग, म्हणजे लॉगच्या ओळी गोळा करणारा प्रोग्रॅम, टीसीपीच्या ५१४ पोर्टवरून मध्यवर्ती सर्व्हरकडे ओळी पाठवतो. रस्ता खोदताना केबल तुटली की पाठवणं थांबतं. फॉरवर्डिंगला स्वतःची रांग नसेल आणि रीझ्यूम-रीट्राय-काउंट उणे १ (म्हणजे पुन्हा पुन्हा प्रयत्न, कितीही वेळा) असेल, तर तो तिथेच प्रयत्न करत बसतो. मग मुख्य रांग भरते आणि पुढची प्रत्येक ओळ आत घ्यायला मुळातल्या सेटिंगनुसार २ सेकंद वाट पाहिली जाते. जुन्या, सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारी नवी व्यवस्था) नसलेल्या सर्व्हरवर डेव्ह-लॉग सॉकेटच्या (प्रोग्रॅम ज्यातून लॉगच्या ओळी देतात त्या दाराच्या) रांगेची कर्नलमधली मर्यादा १० च्या आसपास. ती भरली की एसएसएच (दुरून लॉगिन), क्रॉन (ठरल्या वेळची कामं), एसयू (वापरकर्ता बदलणं) सगळे एकामागे एक ताटकळतात.

तातडीचा उपाय म्हणजे आरसिसलॉग बंद करणं. सॉकेट बंद होताच अडकलेली लॉगिनं सुटतात. तेवढ्या वेळच्या ओळी जातात, पण सर्व्हर हाती येतो. 'आधी दार उघडा, मग वही लिहा', हे तुमचं म्हणणं आम्हाला शंभर टक्के पटलं.

कायमचा उपाय म्हणजे फॉरवर्डिंगच्या ॲक्शनलाच (ओळी पाठवण्याच्या नियमाला) स्वतःची रांग देणं: क्यू-टाइप लिंक्डलिस्ट (रांगेचा प्रकार), क्यू-मॅक्स-डिस्क-स्पेस १ जीबी, सेव्ह-ऑन-शटडाउन चालू (बंद होताना रांग जपायला), टाइमआउट-एन्क्यू ० (रांग भरली तर वाट न पाहता ओळ सोडायला) आणि क्यू-फाइलनेम (डिस्कवरच्या रांगेचं नाव). हे फाइलनेम विसरलं तर रांग फक्त मेमरीत राहते, डिस्कवर उतरतच नाही. नेमकं हेच आमच्याकडून सुटलं होतं. वर्क-डिरेक्टरी (रांगेच्या फायली ठेवायचं फोल्डर) ठरवलेली हवी, आणि रीस्टार्टआधी 'आरसिसलॉगडी -एन१' (एन मोठ्या लिपीतला) नं कॉन्फिग तपासायचं.

चाचणीची तुमची युक्ती तर फारच मोलाची. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) ५१४ पोर्टला रिजेक्ट नव्हे, ड्रॉप (गुपचूप टाकून देणं) लावायचं. रिजेक्टला लगेच नकार येतो. तुटलेली केबल मात्र गप्प असते, ड्रॉपसारखी. मग लॉगर या लॉगमध्ये ओळ टाकणाऱ्या कमांडनं हजारो ओळी ढकलायच्या आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघायचं. ड्रॉप काढल्यावर क्रमांक घातलेल्या ओळी पलीकडे मोजायच्या. केबल तुटताना वाटेत असलेल्या थोड्या ओळी साध्या टीसीपीत हरवतात, कारण पलीकडून ओळ पोचल्याची पावती येत नाही. त्यासाठी तुम्ही सुचवलेलं आरईएलपी (पावती घेऊन ओळी पाठवणारी पद्धत) आता आम्ही एकेका शाखेत बसवतोय, सुरुवात नंदुरबारपासून.

तुमचेच,
सर्व्हर सांभाळणारे आम्ही सगळे, जळगाव