बी, खोड, पान, फुलोरा की राळ? आधी एवढे विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्योजकतेच्या तासाला हल्ली एखादा तरी गट ‘हेम्प’ची, म्हणजे कॅनाबिस या गांजाच्या झाडापासून करायच्या मालाची, कल्पना घेऊन उभा राहतो. कुणाला बियांचे लाडू करायचे असतात, कुणाला धाग्याच्या पिशव्या, कुणाला सीबीडीचे (याच झाडातल्या, नशा न आणणाऱ्या द्रव्याचे) तेल. एखादा धीट गट तर ‘गोव्याला जाणाऱ्या पर्यटकांसाठी कॅफे’ असा मथळाच लावतो. अशा वेळी काही शिक्षक ‘असले विषय इथे नकोत’ म्हणून मुलांना खाली बसवतात, मग तोच विषय ‘हर्बल वेलनेस’ नावाने पुढच्या आठवड्यात परत येतो. काही जण ‘वेगळी कल्पना आहे’ म्हणून पाठ थोपटतात आणि संध्याकाळपर्यंत मुलांनी इन्स्टाग्रामवर खाते उघडून ऑर्डरी मागायला सुरुवात केलेली असते. दोन्ही वाटा चुकीच्या. कल्पना कागदावर तपासायला कायद्याची आडकाठी नाही. माल आणणे, नमुना करणे, ऑर्डर घेणे आणि सेवनाच्या कबुल्या गोळा करणे, धोका तिथे आहे. ही रेघ पहिल्याच तासाला मारावी लागते.

त्यासाठी पहिला प्रश्न एकच: झाडाचा कोणता भाग? अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे म्हणजे गांजा. शेंडे सोबत नसतील तर बी आणि पाने त्या व्याख्येबाहेर राहतात. वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. मात्र ‘कॅनाबिसचे झाड’ या शब्दांत त्या प्रजातीचे कुठलेही झाड येते. अमेरिकेने २०१८ च्या शेती कायद्यात वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी (नशा आणणारे द्रव्य) असलेले झाड हेम्प म्हणून बाजूला काढले. आपल्या कायद्यात अशी दोन झाडे नाहीत. त्यामुळे ‘सर, आमचे हेम्प आहे, गांजा नाही’ हे वाक्य कोलोरॅडोत चालेल, कुडाळात नाही. बिनपरवाना लागवडीला कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. धागा, बी किंवा बागकामासाठी लागवडीची मुभा देण्याचा अधिकार कलम १४ सरकारला देते. उत्तराखंडने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांची अट घालून असे परवाने दिले. तसा आदेश हातात नसेल, तर महाराष्ट्रातला लागवडीचा आराखडा पहिल्याच ओळीत थांबतो.

पानाचा सापळा याहून चिवट. ‘पान तर एनडीपीएसमध्ये नाही ना?’ असे हुशार विद्यार्थी विचारतोच, आणि त्याचे वाचन बरोबर असते. पण राज्यात महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आहे आणि भांग, म्हणजे हीच पाने, त्यात येते. परवान्याशिवाय ती बाळगताही येत नाही, विकायचे तर दूरच. केंद्राचा कायदा वाचून राज्याचा न वाचणे ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक.

म्हणून पिचआधी, म्हणजे कल्पना सर्वांपुढे मांडण्याआधी, गटाकडून एक तक्ता भरून घ्यावा. आडव्या ओळींत झाडाचे पाच भाग: बी, खोड, पान, फुलोरा, राळ. उभ्या रकान्यांत सहा कृती: लावणे, बाहेरून आणणे, बाळगणे, प्रक्रिया करणे, विकणे, जाहिरात करणे. तीस घरे होतात. प्रत्येक घरात कायदा, परवाना देणारे खाते आणि परवाना नसेल तर लागणारे कलम लिहायचे. मन लावून बसले तर दोन तासिकांचे काम आहे. कॅफेवाल्या गटाला तिसऱ्या-चौथ्या घरातच कळून चुकते, शिक्षकाला ‘नाही’ म्हणावे लागत नाही. आणि हा तक्ता भरून झाल्यावरही जे घर उघडे राहते, त्यावर खरोखर धंदा उभा राहू शकतो का, ही चर्चा मग सुरू होते.

उघडे घर आहे ते बियांचे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता देताना अटी घातल्या. एका किलो बियांत टीएचसी ५ मिलिग्रॅमच्या वर नको, बी रुजणारे नको, वेष्टनावर झाडाच्या पानाचे चित्र नको, नशेचा सूचक शब्द नको. चित्राची अट मुलांना सर्वांत कठीण जाते, कारण त्यांच्या स्लाइडवर सात पात्यांचे हिरवे पान सगळ्यात आधी आलेले असते, नाव नंतर सुचते.

आता हिशेब. समजा, बियांच्या लाडवांच्या एका घाण्याची टीएचसी तपासणी ४,००० रुपयांना पडली. घाणा पाच किलोचा असेल तर किलोमागे ८०० रुपये तपासणीचेच झाले, वीस किलोचा असेल तर २००. गूळ, तूप, मजुरी अजून धरलेलीच नाही. घरगुती प्रमाणावर हा पदार्थ का परवडत नाही, ते या एका भागाकारात दिसते. तपासणी घाण्याची न करता आलेल्या बियांच्या पूर्ण पोत्याची करावी, हे गटाला स्वतःहून सुचले तर गुण द्यावेत. तेलाची अडचण वेगळी. ते जवसाच्या तेलासारखे बहुअसंतृप्त, उजेड आणि उष्णता लागली की खवट होते. तळणाला निरुपयोगी. आपल्या दमट हवेत, दुकानाच्या काचेत उन्हाला ठेवलेली पारदर्शक बाटली म्हणजे परत आलेला माल. गडद बाटली, लहान माप आणि थंड जागा हा खर्च पहिल्या दिवसापासून धरायला हवा.

सीबीडीचे तेल हा अन्नाचा विषयच नव्हे. पानापासून केलेली औषधे आयुर्वेदात विजया या नावाने आहेत, पण ती करायला आयुर्वेदिक औषध उत्पादनाचा परवाना लागतो. औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये भांग विषारी द्रव्यांत मोडते, म्हणून वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. त्यातून स्लाइडवर ‘मधुमेह, कर्करोगावर गुणकारी’ असे लिहिले की १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदाही लागू होतो. विद्यार्थ्यांच्या आवाक्यातला हा धंदा नाही, हे सरळ सांगावे. ज्याला संशोधनातच रस असेल त्याला जम्मूच्या सीएसआयआरच्या संस्थेत यावर परवानगी घेऊन काम चालते, हे दाखवावे.

खाद्यपदार्थात ‘अगदी थोडा’ गांजा घालण्याची कल्पना कुणी मांडलीच, तर वजनाचा मुद्दा समजावून द्यावा. शिक्षा वजनावर ठरते: गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत, व्यापारी मात्रा वीस किलो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हिरा सिंग निकालात मिश्रणाचे वजन निष्क्रिय घटकासकट धरायचे ठरवले. त्यामुळे ‘आत फक्त चिमूटभर आहे’ या भरवशावर प्लॅन बांधू नये.

धाग्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण कोकणात खरी संधी इथे आहे आणि खरा घोळही इथेच. इंटरनेटवर ‘हेम्प’ शोधले की तीन वेगळी झाडे एकत्र येतात. भातखाचरात हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग इंग्रजीत ‘सन हेम्प’. बांधावरची अंबाडी शास्त्रीय नावाने हिबिस्कस कॅनाबिनस. तिसरे खुद्द कॅनाबिस. पहिल्या दोघांचा नशेशी काडीचा संबंध नाही, नावात मात्र तिघेही सख्खे भाऊ. परिणामी स्लाइडवर भाव एका झाडाचा, उत्पादन दुसऱ्याचे आणि कायदा तिसऱ्याचा असा काला होतो. शास्त्रीय नाव न लिहिलेला आकडा मान्य नाही, एवढा एक नियम केला तरी अर्धा घोळ मिटतो.

नमुना करायचा तर अंबाडीचा करावा. फुलावर येत असलेली अंबाडी कापून, पाने झाडून, पेंढ्या बांधून साठलेल्या पाण्यात दगडाखाली बुडवतात. पाणी कोमट असेल तर दहा-बारा दिवसांत, थंड असेल तर तीन आठवड्यांपर्यंत साल सुटते. रोज एक काडी काढून बुडाशी मोडून पाहायची. साल काडीला चिकटूनच राहिली तर अजून कच्चे. बोटाने ओढताच वाख (सालीचा धागा) अखंड निघाला तर त्याच दिवशी पेंढ्या बाहेर काढायच्या. दोन दिवस विसरले की वाख काळा पडतो आणि पिळताना तुटतो. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात कुजवू नये, घाण खाली गावाला जाते. वाख काढणे, धुणे, वाळवणे, पिळणे यातले कॅनाबिसच्या धाग्याचे बहुतेक सगळे टप्पे इथे हाताखालून जातात, आणि कुठलेही कलम लागत नाही. सिंधुदुर्गातल्या मुलांना नारळाच्या सोडणाचा काथ्या आहेच.

उद्या परवानगी मिळाली, तरी कॅनाबिस कोकणात येईल का? युरोपातली धाग्याची वाणे उन्हाळ्याच्या लांब दिवसांत उंच होतात आणि दिवस लहान होताच फुलावर येतात. आपण साधारण १६ ते १८ अंश अक्षांशावर, सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आत. ती वाणे इथे उंची घेण्याआधीच फुलतील, मग धागा कुठून मिळणार? त्यात तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस, आणि या झाडाला मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. शेतात टीएचसी ०.३ च्या वर गेले तर परवाना असूनही पीक नष्ट करावे लागते. ‘एकरी उत्पन्न’ असा रकाना भरणाऱ्या गटाला वाण कोणते आणि ते कोणत्या अक्षांशावर तपासलेले, एवढेच विचारावे.

परदेशी स्लाइडची नक्कल ओळखायची खूण म्हणजे नफ्याचे चित्र. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातल्या पहिल्या दोन अनुसूचींतल्या पदार्थांच्या व्यापाराला प्राप्तिकराच्या कलम २८०-ई खाली भाडे, पगार, जाहिरात हे खर्च वजा करता येत नाहीत, फक्त मालाची किंमत वजा होते. शंभर डॉलरची विक्री, चाळीसचा माल, पंचेचाळीसचा इतर खर्च, नफा पंधरा. कर मात्र साठवर, २१ टक्क्यांनी १२.६०. हातात २.४० उरतात. राज्याने परवाना दिला तरी केंद्राचा कायदा खिसा कसा कापतो, याचा हा नमुना. आपल्याकडे हे शिकवायला लांब जायला नको. काजूच्या बोंडाची फेणी तेरेखोल नदीपलीकडे गोव्यात २००९ पासून भौगोलिक मानांकन मिरवते, नदीच्या अलीकडे परवान्याशिवाय भट्टी लावली तर उत्पादन शुल्क खाते दारात उभे. थायलंडने २०२२ मध्ये दार उघडून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आणली, हेही सांगावे. धोरण फिरले तर दुकानातल्या मालाचे काय, हा गटाच्या कॅनव्हासवरचा, म्हणजे धंद्याच्या एकपानी आराखड्यावरचा, रिकामा चौकोन असतो.

सर्वांत धोक्याचे म्हणजे ग्राहक-सर्वेक्षण. ‘तुम्ही कधी घेतले आहे का? महिन्यातून किती वेळा?’ असा गुगल फॉर्म, वर नाव, ईमेल आणि वर्ग. सेवन हा एनडीपीएसच्या कलम २७ खाली गुन्हा आहे. म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या कबुल्यांची यादी महाविद्यालयाच्या ड्राइव्हवर जमा झाली. प्रश्न बदलून घ्यावेत: ‘बियांचा लाडू तिळाच्या लाडवापेक्षा कितीने महाग असेल तर घ्याल?’ नाव नको, ईमेल नको. फॉर्म शिक्षकाने पाहिल्याशिवाय पाठवू नये.

वर्गात नमुना कुठलाच येणार नाही, बाजारात उघड मिळणारे बीसुद्धा नाही. पूर्वनोंदणी नाही, आगाऊ पैसे नाहीत, समाजमाध्यमावर खाते नाही. इन्क्युबेशन केंद्राच्या (विद्यार्थ्यांच्या नव्या उद्योगांना दिलेल्या जागेच्या) खोलीबाबत तर अधिकच जपून राहावे, कारण आपल्या ताब्यातली जागा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्याला कलम २५ लागते आणि चिथावणी, कट यांना कलम २९. बँकेपुढे जाणाऱ्या प्रकल्पात नशेच्या वस्तू बसत नाहीत, पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेच्या वर्ज्य यादीत विडी-सिगारेटही आहे. त्यामुळे जिल्हा उद्योग केंद्राच्या पाहुण्यांसमोर कोणता गट उभा करायचा, ते आधी ठरवावे.

गुण देताना पन्नासपैकी पंधरा तक्त्याला, दहा परवान्याची वाट आणि तिला लागणाऱ्या वेळेला, पंधरा खर्चाला, दहा पर्यायी कच्च्या मालाला. ‘हा धंदा आज इथे करता येत नाही’ असा निष्कर्ष पुराव्यानिशी काढणाऱ्या गटालाही पूर्ण गुण मिळायला हवेत. नाहीतर मुले आकडे ओढूनताणून ‘होकार’ सिद्ध करत बसतात.

एखादा विद्यार्थी स्वतःच अडकला आहे असे वाटले, तर ती वर्गात काढायची गोष्ट नाही. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी व्यक्तीला कलम ६४-अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. १४४४६ हा केंद्राचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. तो तक्त्याच्या पाठीमागे छापून ठेवावा, कुणाकडेही बोट न दाखवता.

विद्यापीठाच्या उपकेंद्रांनी हे सारे एका पानात बसवून प्राचार्यांच्या सहीने वर्गात लावावे, अशी आमची विनंती आहे. सत्राच्या पहिल्या पिचआधी ते लागले पाहिजे. नंतर लागले तर तोपर्यंत कुणाचे तरी खाते उघडलेले असते.

आपले,
उद्योजकता विषय शिकवणारे काही शिक्षक,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग