रात्रीच्या भांडणानंतर

चि. ओंकार,

वायफाय बंद केल्यावर तू जे बोललास ते सोडून देते. पण त्याआधी शिंदेकाकांचा फोन आला होता. सकाळच्या लोकलमध्ये दाराशी उभा राहून तू पेंगत होतास, त्यांनी बॅग धरून आत ओढलं. दाराबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. झोपेबद्दलच लिहिते.

११ वाजता झोप येत नाही, हे तुझं खरं आहे. वयात येताना मेंदूत झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन उशिरा सुटायला लागतं, त्यात मोबाइलचा उजेड ते आणखी लांबवतो. नाइट मोडने स्क्रीन पिवळी होते रे, पण गेम हरल्यावरचा ‘अजून एकच डाव’ पिवळा होत नाही. आणि कॉलेज तर सातलाच भरतं! तुझ्या वयाला ८ ते १० तास लागतात, तुला मिळतात जेमतेम ५. त्यातही कापली जाते ती पहाटेची, स्वप्नांची झोप. मग दिवसा दोन-चार सेकंदांची डुलकी लागते, कधी डोळे उघडे असतानाही. लागली हे कळतसुद्धा नाही, आणि दांड्यावरचा हात सुटतो. बघ, आलंच दार.

वायफाय बंद केलं की तू डेटावर जातोस, तेव्हा राउटरचा वाद मी सोडला. मोबाइल रात्री ओट्यावर, मिक्सरच्या सॉकेटला लाव. ऑटोप्ले बंद कर. एकदम साडेदहाला आडवा होऊ नकोस, तासभर कूस बदलशील आणि परत फोन घेशील. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे ये. रविवारी तासभर उशिरा ऊठ, बारापर्यंत लोळलास तर रात्री झोप नाही आणि सोमवार गेलाच. क्लासखालची संध्याकाळची कॉफीही नको, पाचेक तासांनीसुद्धा तिचं निम्मं कॅफिन अंगात असतं.

लेक्चर झालं, माफ कर. लहानपणी कुर्ला ते विक्रोळी माझ्या खांद्यावर गाढ झोपायचास, शेजारच्या डब्यात टाळ कुटत असले तरी. आता फिजिक्सचे मार्क बाबा वाण्यालासुद्धा सांगून येतात. सीईटीचं टेन्शन मला कळतं. पण गाडीत बसायला मिळालं नाही तर आत, सीटांच्या मध्ये उभा राहा. दादरला उतरता आलं नाही तर पुढे जा, परत ये. पहिलं लेक्चर बुडू दे.

अलार्मला अण्णांचं घड्याळ काढून ठेवलंय. सेल गेलाय, येताना एक पेन्सिल सेल आण.

आई