पापणीचे केस कुठे गेले, असं विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ग्रामीण रुग्णालयात चौकशी केली तेव्हा तुमची बदली झाल्याचं कळलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल. तोवर इतरांनी वाचलं तर चांगलंच आहे.

तुमच्याकडच्या मोतीबिंदू तपासणीच्या रांगेत माझी आई होती. नऊवारीतली, उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर गाठ असलेली. ती गाठ रांजणवाडी म्हणून एका दवाखान्यात कापून झाली होती, परत आली, परत कापली. मग शेक, मलम, थेंब. काढलेल्या तुकड्याचं काय झालं, हे कुणी सांगितलं नाही.

तुम्ही टॉर्च मारलात आणि मोतीबिंदूचं नाव न काढता विचारलंत, "आजी, इथले पापणीचे केस कधी गेले?" वयानं गेले असतील, असं आई म्हणाली. "वयानं गेले असते तर एवढ्याच जागेचे कसे गेले?" मग तुम्ही बोटानं पापणी उलटून आतून पाहिलीत. कानाच्या पुढे, जबड्याखाली, मानेवर दाबून पाहिलंत. मागे रांग वाढत होती, लोक कुरकुरत होते. तुम्ही घाई केली नाहीत.

नंतर बाकावर बसवून जे समजावलंत, ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. पापणीच्या आत तेलाच्या ग्रंथी असतात, वरच्या पापणीत ३० ते ४०, खालच्या पापणीत त्याहून कमी. त्यांच्या तेलामुळे डोळ्यातलं पाणी लगेच सुकत नाही. एखादीचं तोंड बंद झालं की रांजणवाडी होते आणि ती बहुतेक वेळा साधीच असते. पण याच ग्रंथींचा कॅन्सरही होतो, सिबेशियस ग्लँड कार्सिनोमा, आणि तो हुबेहूब रांजणवाडीसारखा दिसतो. गोऱ्या लोकांच्या देशांत पापणीला होतो तो बहुतेक बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक वेगळा कॅन्सर. आपल्याकडे या तेलग्रंथींच्या कॅन्सरचा वाटा बराच मोठा आहे. कधी गाठही नसते, नुसता एकच डोळा महिनोन्‌महिने लाल राहतो आणि थेंबांना दाद देत नाही. "उतारवयात त्याच जागी परत आलेली रांजणवाडी तुकडा तपासल्याशिवाय सोडायची नाही," हे तुमचं वाक्य मी आता भेटेल त्याला सांगतो.

तुम्ही नुसतं "मोठ्या दवाखान्यात दाखवा" म्हणून मोकळ्या झाला नाहीत. चिठ्ठीवर कॅन्सरची शंका स्पष्ट लिहिलीत, तुकडा पॅथॉलॉजीला पाठवा म्हणून खाली रेघ मारलीत, आणि मेडिकल कॉलेजच्या नेत्र विभागाला स्वतः फोन केलात. ती शंका लिहिलेली असणं किती महत्त्वाचं होतं, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. काय शोधायचंय हे पॅथॉलॉजिस्टला माहीत असलं की तो नेमकं तेच बघतो.

रिपोर्ट तुमच्या शंकेसारखाच आला. गाठीभोवतीचा निरोगी भाग धरून पापणीचा बराचसा तुकडा काढावा लागला. आई टेबलावर असतानाच कडा तपासून घेतल्या, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. हा कॅन्सर मूळ गाठीपासून लांब, डोळ्यावरच्या पातळ पडद्यातही पसरतो, म्हणून तिथूनही ठिकठिकाणचे बारीक तुकडे घेतले. ते स्वच्छ निघाले. मग खालच्या पापणीचा भाग वर ओढून नवी पापणी केली. कटलर आणि बिअर्ड या दोन डॉक्टरांनी १९५५ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. त्यात डोळा काही आठवडे शिवल्यासारखा बंदच राहतो. आई त्या काळात एका डोळ्यानं तांदूळ निवडत बसायची आणि खडा राहिला तर मलाच ओरडायची. पुढे दुसऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये पापणी मोकळी केली. नव्या पापणीला केस नाहीत, ती जरा जाड दिसते, पण तिची उघडझाप होते आणि खाली डोळा शाबूत आहे. कॅन्सर डोळ्याच्या खोबणीत शिरला असता तर डोळ्यासकट आजूबाजूचं सगळंच काढायची वेळ आली असती. ते ऐकलं तेव्हा मला तुमचीच आठवण झाली.

पुढची काही वर्षं तिला तपासणीला न्यायचंय. प्रत्येक वेळी पापणी उलटून बघतात, मानेच्या गाठी चाचपतात. ते नेमानं करू.

तुमच्या खुर्चीला लोक 'चष्म्याचा नंबर काढणाऱ्या बाई' म्हणतात, हे मी त्या रांगेतच ऐकलं. मला त्याचा राग येतो. माझ्या आईचा आजार सगळ्यात आधी तुम्ही ओळखलात, आणि तेही एका टॉर्चवर.

आईला तुम्हाला भेटायचंय. नवीन ठिकाण कळवलंत तर तिला घेऊन येतो.

आपला ऋणी,
त्या आजींचा मुलगा