बागेतल्या हातांचाही अहवाल हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निफाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित द्राक्षबाग आहे. नोकरीनिमित्त मी नाशिक शहरात राहत असलो तरी ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत दरवर्षी बागेत असतो. गेल्या छाटणीत जे पाहिले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडचे द्रावण लावतात. आपल्या भागात याला ‘पेस्ट लावणे’ म्हणतात आणि हे काम बहुतेक ठिकाणी पेठ, सुरगाणा तालुक्यांकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या करतात. आमच्याकडच्या टोळीतील एका बाईच्या उजव्या हातमोज्याचे तर्जनीचे टोक फाटलेले होते. फडके द्रावणात बुडवायचे, पिळायचे आणि डोळ्यावर फिरवायचे, असे तिचे काम सकाळपासून चालले होते आणि दर वेळी ते उघडे बोट द्रावणात भिजत होते. जेवायला बसण्यापूर्वी तिने ठिबकच्या नळीखाली हात धुतले; तेथे साबण नव्हता. संध्याकाळपर्यंत त्या बोटाची कातडी पांढरी पडून सुटू लागली होती. मोजा बदलून देण्याची आणि साबण ठेवण्याची जबाबदारी आमची होती. ती आम्ही दुपारनंतर पार पाडली, सकाळी नाही, याची मला आजही बोच आहे.

हे द्रावण नुसते कातडी जाळत नाही. ते अंगात गेलेले असताना मद्य घेतले, तर चेहरा लाल होणे, छातीत धडधडणे, दम लागणे, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो. म्हणून पेस्टच्या कामाच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि नंतरही मद्य वर्ज्य असते. ही गोष्ट टोळीच्या मुकादमाला कोणी सांगितलेली नव्हती. डब्यासोबतच्या घडीपत्रकावर सूचना छापलेल्या असतात हे खरे. पण ते अक्षर मला चष्मा लावूनही भिंगाशिवाय वाचता आले नाही. ज्यांना वाचताच येत नाही, त्यांच्यापर्यंत या सूचना कशा पोहोचणार?

युरोपीय संघाने 2008 मध्येच या रसायनाला मान्यता नाकारली. आपली द्राक्षे मात्र त्याच युरोपात जातात आणि त्यात बेकायदेशीर काही नाही, कारण पेस्ट लावल्यापासून माल काढेपर्यंत चार महिने जातात आणि द्राक्षमण्याच्या तपासणी अहवालात तिचा अंश सहसा दिसत नाही. नेमके येथेच आपले लक्ष अपुरे पडते, असे मला वाटते. मण्यात काय उरले, हे आपण फार बारकाईने पाहतो. ते लावणाऱ्याच्या अंगात काय गेले, हे पाहण्याची रीत आपण लावून घेतलेली नाही.

आपल्याला शिस्त जमत नाही, असे कोणी म्हणू नये. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेले सीसीसी, या वाढरोधकाचे अंश सापडल्याने युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि या जिल्ह्यातील बागायतदार व निर्यातदारांनी मोठा तोटा सोसला. त्यानंतर आपण शिकलो. आज निर्यातीच्या प्लॉटची ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर नोंदणी होते, फवारणीची नोंदवही ठेवली जाते, काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि पीएचआयचे, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायच्या अंतराचे, दिवस अर्धशिक्षित शेतकरीही बोटांवर मोजून सांगतो. ग्लोबलगॅप या आंतरराष्ट्रीय शेती-मानकाचे प्रमाणपत्र असलेल्या बागांत मजुरांच्या सुरक्षा साधनांचीही तपासणी होते, हे मान्य करायला हवे. पण प्रमाणपत्र नसलेल्या बागा, स्थानिक बाजाराचा माल, गिरणारे आणि पिंपळगावचे टोमॅटो, पंचवटीच्या बाजार समितीतून पहाटे मुंबईला निघणारी मेथी, कोथिंबीर यांना ही शिस्त अपवादानेच लागू होते. टोमॅटो तोडण्याच्या दोन दिवस आधी फवारणी झालेली मी पाहिली आहे. ती करणारा माणूस लबाड नव्हता, अळीने प्लॉट हातचा जाईल या धास्तीने तो दुकानदाराच्या सल्ल्याने वागत होता.

आपण या विषांना ‘औषध’ म्हणतो. ‘औषध मारले का’, ‘कोणते औषध आणले’ हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत आणि या शब्दामुळे हात सैल सुटतो, असे माझे मत झाले आहे. बागेतल्या टोळीच्या झोपडीत कीटकनाशकाच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटलीत गोडेतेल भरून ठेवलेले मी याच छाटणीत पाहिले. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेलेल्या तेलात शाळेचे माध्यान्ह भोजन शिजले आणि 23 मुले दगावली. कीटकनाशक नियम 1971 नुसार रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात. आमच्या गावात ते बांधावर पडलेले असतात, नाहीतर भंगारवाला घेऊन जातो.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. केंद्राने 2020 च्या मसुद्यात 27 कीटकनाशकांवर बंदी सुचवली. 2023 च्या आदेशात मात्र डायकोफॉल, डायनोकॅप, मेथोमिल आणि 36 टक्के मोनोक्रोटोफॉस एवढ्यांवरच ती आली. ज्यावर उतारा नाही असे पॅराक्वाट तणनाशक कृषी सेवा केंद्रात आजही मिळते. डाऊनी हा बुरशीजन्य रोग दोन दिवसांत बाग खातो, हे मी अनुभवले आहे आणि फवारणी बंद करा असे मी म्हणणार नाही. पण ज्याला पर्याय आहे, ते अतिविषारी रसायन बाजारात ठेवण्याचे कारण मला पटत नाही.

शहरातील वाचकांनी हा केवळ बागायतदारांचा प्रश्न समजू नये. डास मारण्याच्या द्रव बाटलीतील आणि झुरळांच्या फवाऱ्यातील रसायनेही 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. आठवडे बाजारात नोंदणी क्रमांकाशिवाय विकल्या जाणाऱ्या डास पळवण्याच्या अगरबत्त्या बाळ झोपलेल्या बंद खोलीत रात्रभर जळतात. घरगुती रंगांतील शिशाला 2017 पासून 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा आहे. शाळा आणि अंगणवाड्या रंगवताना डब्यावरची ती नोंद पाहिली जावी, एवढे तरी आपण मागू शकतो.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. निर्यातीसाठी प्लॉटची नोंदणी किंवा नूतनीकरण होताना कृषी विभागाने नेहमीच्या माहितीबरोबर आणखी तीन गोष्टी एका अर्जावर लिहून घ्याव्यात: पेस्ट व फवारणी करणाऱ्यांना मोजे, मुखपट्टी, साबण आणि पाणी दिले का, त्यांना त्यांच्या बोलीत धोका समजावला का, आणि रिकामे डबे कोठे गेले. डबे परत घेण्याची सोय विक्रेत्यांच्या दुकानात करावी. बाजार समितीने दर आठवड्याला काही भाज्यांचे नमुने तपासून निकाल फाटकावरच्या फलकावर लावावेत. हा फलक शेतकऱ्याला दंड करण्यासाठी नसावा, कोणत्या औषधाचा पीएचआय चुकतो आहे हे त्याला कळण्यासाठी असावा.

गोडी बहार छाटणी, म्हणजे ऑक्टोबर छाटणी, सुरू होण्यापूर्वी पेठ, सुरगाण्याच्या टोळ्या नाशकात उतरतात. पहिली पेस्ट लागण्याच्या आत हा अर्ज छापून तालुका कृषी कार्यालयांत पोहोचावा, ही विनंती. आमच्या बागेचा अर्ज भरून देण्यास मी तयार आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, नाशिक