भाडं थांबवू नका, नोटीस द्या

प्रिय सुध्या,

तुझं पत्र मिळालं. चाळीत पाणी गळतंय, मालक फोन उचलत नाही, त्याचा भाडं वसूल करणारा मेहताजी दर महिन्याला "बघतो" म्हणून पावती फाडतो, जिन्यातला दिवा दिवाळीपासून बंद. आणि आता सगळ्या भाडेकरूंनी मिळून भाडंच बंद करायचं ठरवलंय म्हणतोस. ते तेवढं करू नका. थकबाकी झाली की मालक मागणीची नोटीस देतो आणि नव्वद दिवसांत पैसे भरले नाहीत तर खोली खाली करून मागायला कोर्टात जातो. जुन्या चाळीच्या मालकाला याहून काय हवं? तो भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर कर आणि परत आलेले कागद फाइलला लाव.

आधी गळती कुठून येते ते ठरवा, कारण नोटिशीत "पाणी गळतं" एवढंच लिहिलं तर मेहताजी वरच्या बिऱ्हाडावर ढकलून मोकळा होतो. पाणी चोवीस तास सारखं ठिबकत असेल तर नळाची लाइन. वरच्यांनी मोरी वापरली की वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (मोरीचं पाणी जिथून खाली जातं ती जाळीखालची वाटी) किंवा सांडपाण्याचा पाइप. फक्त पावसात असेल तर गच्ची, नाहीतर बाहेरची भिंत. मोरीचा संशय असेल तर ट्रॅपला बोळा कोंबून दोन इंच रंगीत पाणी भरून ठेवा आणि खाली रंग येतो का बघा.

तुमची चाळ लाकडी सांगाड्याची, म्हणून सामायिक संडासाशेजारची तुळई नीट बघ. ती मधे क्वचित कुजते, कुजते ते भिंतीत बसलेलं टोक, कारण तिथली ओल वाळतच नाही. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ. अर्धा इंच सहज आत गेला तर त्या जागेला आधी टेकू हवा, प्लास्टर नंतर. मालकाचा गवंडी गंजलेल्या गर्डरवर सिमेंट थापून जातो, त्याचंही तेच. गंज आत वाढतच राहतो, फुगतो आणि एकदोन पावसाळ्यांत खपली खाली. पाणी थांबवायचं, गंज वायर ब्रशने पार खरवडायचा, गंजरोधक प्रायमर मारायचा, जाळी ठोकायची आणि मग गिलावा, हाच क्रम.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14. वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या, सगळ्यांच्या सह्यांनी, पोचपावतीसह टपालाने. वाजवी मुदतीत त्याने काम केलं नाही तर तुम्ही करून घ्या आणि खर्च भाड्यातून वळता करा. एकेक बिल आणि व्हाउचर जपा, खर्चाचा पुरावा तोच. पण मेख अशी, की वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. महिना तीनशे भाडं असेल तर वर्षाचे 3,600, म्हणजे कापता येणार 900. त्यात ट्रॅप बदलायची मजुरीही निघायची नाही. मालक हात वर करतो त्याचंही कारण हेच तुटपुंजं भाडं, हे कबूल करावंच लागेल. पण जागा विकासकाला देऊन तो कमावणार ते कोटींत, म्हणून त्याची कीव मला येत नाही.

तरी नोटीस द्याच, कारण पुढच्या प्रत्येक दारात ती लागते. जिन्यातला दिवा, पाणी आणि सफाई कलम 29 मध्ये येतात. सबळ कारणाशिवाय या सोयी तोडता किंवा अडवून धरता येत नाहीत, आणि त्या चालू करून घेण्याचा अर्ज स्मॉल कॉज कोर्टात, म्हणजे घरभाड्याचे दावे चालतात त्या लघुवाद न्यायालयात, होतो.

सांगाड्याचं काम मात्र म्हाडाच्या, मुंबईतल्या जुन्या इमारतींसाठीच्या दुरुस्ती मंडळाचं. तुमची इमारत 1 सप्टेंबर 1940 च्या आधीची, म्हणजे 'अ' वर्गातली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर लागू असलेली). उपकर तुम्ही भरताच आहात, तेव्हा मंडळाच्या वॉर्ड कार्यालयात अर्ज द्या, फोटो तारखेसह जोडा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. इमारत सी-1, म्हणजे अतिधोकादायक, ठरली तर खाली करावी लागेल. त्याआधी प्रत्येक खोलीचं मोजमाप कागदावर अधिकाऱ्याच्या सहीने घ्या. नंतर पुनर्विकासात त्यावरूनच भांडणं होतात.

एक सावधगिरी. दुरुस्तीच्या नावाखाली कोणी पक्की भिंत किंवा पोटमाळा चढवला तर मालकाला आयतं निमित्त मिळतं. त्याच्या लेखी परवानगीशिवाय केलेलं पक्कं बांधकाम हे जागा खाली करून घ्यायचं कारण ठरतं. स्वयंपाकाचा ओटा, लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग यांना भीती नाही. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना हे तूच सांग, माझं ते ऐकायचे नाहीत.

नोटिशीचा कच्चा मसुदा टाइप करायच्या आधी मला पाठव. खोली क्रमांक, भाडेपावतीवरचं नाव आणि सही असे तीन रकाने ठेव. पावती अजून वडिलांच्या नावावर असेल तर तसं स्पष्ट लिही.

तुझा,
बाळ्या