समुद्रातली लावणी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "समुद्रात गवत लावायला एवढं शिकलीस?" रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं. तुमच्याकडे भाताची लावणी चालू असेल. इथे माझीही चालू आहे.

हा पाल्कच्या उपसागराचा काठ, तमिळनाडूतला तंजावर जिल्हा. सरफोजीराजांनी बांधलेला आठ मजली मनोरा किनाऱ्यावरून दिसतो. समुद्र इतका उथळ की कमरेएवढ्या पाण्यात बरंच आत चालत जाता येतं. तळाला समुद्रगवताची कुरणं आहेत. आई, हे शेवाळ नव्हे हं. याला मुळं असतात, पाण्याखाली फुलं येतात आणि आडवी खोडं सोडत ते हरळीसारखं पसरतं. कोळंबीची, खेकड्यांची पिल्लं त्यातच वाढतात. पण ट्रॉलरच्या जाळ्यांनी तळ खरवडला की उघडी वाळू लाटांबरोबर हलत राहते. मग नवं मूळ धरायला जागाच उरत नाही.

म्हणून लावणी. दाट कुरणातून इथून थोडं, तिथून थोडं असं गवत खोडासकट काढायचं. एकाच जागचं काढलं तर तिथेच टक्कल पडतं. मीटरभर लांबी-रुंदीची बांबूची चौकट, तिच्यावर सुंभाची जाळी, त्या सुंभाला एकेक काडी बांधायची आणि चौकट तळाशी नेऊन रोवायची. काढलेलं गवत त्याच दिवशी लागलं पाहिजे, भाताच्या तरव्यासारखंच. पूर्वी काही ठिकाणी पीव्हीसीच्या चौकटी वापरत. त्या समुद्रात राहिल्या तर प्लास्टिकचा कचरा. बांबू आणि सुंभ कुजून जातात, तोवर मुळं वाळूत गेलेली असतात.

निदान जायला हवीत. गेल्या वर्षी आम्ही उशिरा लावलं. ऑक्टोबरात इथला ईशान्येचा पाऊस सुरू झाला, पाणी गढूळ झालं, लाटा वाढल्या. पुन्हा उतरले तेव्हा चौकटी जागेवर होत्या आणि सुंभ रिकामं. रात्री जेवण गेलं नाही. पुरात तरवा वाहून गेला त्या वर्षी तुम्ही बांधावर किती वेळ बसून होतात, ते आठवत राहिलं. चूक गाठीतही होती. घट्ट बांधलं तर काडी कापली जाते, सैल ठेवलं तर सुटते.

हे सगळं ज्याच्यासाठी, तो प्राणी मी अजून पाहिलेला नाही. डुगाँग. इथले लोक कडल पसु म्हणतात, समुद्रातली गाय. दिवसाला तीस-चाळीस किलो गवत खाते. तिच्यासाठी २०२२ मध्ये इथलं ४४८ चौरस किलोमीटर पाणी राखीव झालं. मागच्या आठवड्यात जुन्या कुरणात तिच्या चरण्याची खूण दिसली: हिरव्यातून गेलेला वाळूचा उघडा पट्टा, मुळासकट उपटलेला. मी तिथेच तरंगत राहिले. तुमच्या शेतात गुरं शिरली की तुम्ही काठी घेऊन धावता. माझ्या चौकटींत ती कधी शिरेल, याची मी वाट बघते आहे.

चतुर्थीला येतेच आहे. बाबा, गणपतीवरच्या माटवीला फळं बांधताना तुम्ही सुंभाची जी गाठ मारता, देठ न चेपता धरून ठेवणारी, ती मला शिकवा. आणि आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर फोनवर सांग, लपवू नकोस.

तुमची,
मनी