जमा-खर्चाच्या वहीतून गोष्ट शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि सायकलवर टांग टाकून निघून जाता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहून ठेवतोय.

मोपासाँ या फ्रेंच लेखकाची हाराची गोष्ट आमच्या गटातल्या पोरींना नवी नव्हती. मातिल्द नावाची कारकुनाची बायको पार्टीसाठी मैत्रिणीचा हार उसना आणते, तो हरवते, गुपचूप तसाच दुसरा आणून देते आणि मग नवरा-बायको दहा वर्षं कर्ज फेडतात, ती. लातुरात काहीही शिकवायला माणसं कमी नाहीत. एका नावाजलेल्या क्लासात ती त्यांना आधीच शिकवून झाली होती: लेखकाचं नाव, साल 1884, पात्रं, मध्यवर्ती कल्पना, आणि शेवटी तात्पर्य, की अंथरूण पाहून पाय पसरावेत. गाइडातही तेच. मातिल्द हावरट, नवरा बिचारा, दहा वर्षं भोगलं ते बरं झालं. पोरींनी पाठ केलं, मार्कं घेतली. त्या बाईला लाज नेमकी कशाची वाटत होती, हे विचारायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

तुम्ही बँकेच्या कॅश काउंटरवर जन्म काढलेला माणूस. आल्या आल्या वहीचं पान मधोमध दुमडलंत आणि म्हणालात, "डावीकडं जमा, उजवीकडं खर्च. गोष्टीत आकडा आला की लिहायचा." पोरी लगेच फ्रँकचे आजचे रुपये काढायला मोबाइल उघडायला लागल्या, तर ते तुम्ही थांबवलंत. तसा हिशेब केला की नुसता आकडा मोठा दिसतो, कळत काही नाही. त्या गोष्टीतली वस्तू त्या गोष्टीतल्याच कामानं मोजायची. नवऱ्याचा पगार लेखकानं दिलेला नाही, तेव्हा तोही अंदाजानं धरायचा नाही. पण कर्ज फेडताना तो रात्री जागून नकला काढतो, पानाला पाच सू, हे दिलंय. वीस सूंचा एक फ्रँक. म्हणजे फ्रँकामागं चार पानं. झालं आमचं माप!

मग पानं भरत गेली. पार्टीचा झगा 400 फ्रँक, म्हणजे 1,600 पानं. हे पैसे नवऱ्यानं बंदुकीसाठी बाजूला ठेवले होते, रविवारी मित्रांबरोबर पॅरिसजवळच्या नांतेरच्या माळावर चंडोल मारायला जायचं म्हणून. गाइडवाल्यांना बायकोची हौस दिसली, नवऱ्याची दिसलीच नाही. हरवल्या हाराच्या जागी आणलेला हार 40,000 सांगून 36,000 ला पटला. बापाकडून आलेले 18,000 घरात होते, उरलेले 18,000 उसने. एकाकडून हजार, दुसऱ्याकडून पाचशे, बाकी सावकाराचे कागद. नुसतं मुद्दल 72,000 पानांचं, व्याज वेगळं. इथं एक पोरगी म्हणाली, "काका, हे तर आमच्या गावातलंच झालं." तुम्ही मान हलवलीत आणि पुढं लिहायला लावलंत.

हार हरवला कसा, हे तर आमच्यातल्या कुणीच नीट वाचलं नव्हतं. पहाटे नाच संपल्यावर नवरा तिच्या खांद्यावर रोजचे साधे कपडे टाकतो. बाकीच्या बायका फरचे कोट घालतायत, त्यांनी आपल्याला बघू नये म्हणून ती पळत सुटते. तो म्हणतो, थांब, गारठशील, गाडी बोलावतो. ती थांबत नाही. दोघं थंडीत नदीकडं चालत जातात, कशीबशी एक जुनाट गाडी मिळते आणि तिचा नंबर कुणी बघत नाही. हार गेला तो या घाईत. हाव पार्टीच्या आधीच भागली होती. नडली ती लाज, आणि ती तिला त्या दिवाणखान्यानं लावली. हरवल्याचं मैत्रिणीला सरळ सांगितलं का नाही, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. उत्तर गोष्टीतच आहे. बदललेला हार परत देताना तिच्या मनात भीती हीच असते, की हिनं आपल्याला चोर समजलं तर? बरोबरीच्या माणसाला अशी भीती वाटत नाही.

आणि तुमचा तो पेन्सिलीचा ठिपका. उसन्या हाराच्या डबीवर नाव असलेला जवाहिऱ्या म्हणतो, हार मी विकलेला नाही, डबी तेवढी माझी असावी. झेरॉक्सवर त्या ओळीशेजारी तुम्ही बारीक ठिपका दिला होता आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. शेवट वाचल्यावर पोरी आपोआप मागं गेल्या. हार नकली असल्याची खूण लेखकानं अर्ध्या वाटेवरच ठेवली होती, ती दोघंच घाबरल्यामुळं बघू शकली नाहीत. खोट्या हाराची किंमत फार तर 500 फ्रँक. झग्यापेक्षा शंभरच जास्त.

पण आभार खरे वेगळ्याच गोष्टीचे मानायचेत.

"हार खोटा होता" हे वाक्य आलं तेव्हा मागं कुणीतरी फिसकन हसलं. एका पोरीचा हात गळ्याशी गेला आणि तिनं ओढणी वर सारली. एक ग्रॅमचं होतं, सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातल्या शहाण्यांनी आता प्रवचनच दिलं असतं. तुम्ही तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाहीत. चष्मा पुसत सहज म्हणालात, "आमच्या हिच्या गळ्यातलंबी एक ग्रॅमचंच हाय. खरं तारण ठेवलंय, सोडवायचं राहून गेलं." आणि पान उलटलंत. सोनेतारणाच्या पावत्या ज्याच्या हाताखालून गेल्या, त्या माणसानं पोरींसमोर हे सांगायला काय लागतं, ते आम्हाला कळतं. थोड्या वेळानं ओढणी आपसूक खाली आली. दहावीस पुस्तकं लिहिलेल्या मंडळींकडं हा शहाणपणा दिसत नाही. साधी, नीट वागणारी माणसं अजून आहेत गावात, म्हणून बरं चाललंय.

त्यानंतर पोरी वहीशिवाय गोष्ट वाचत नाहीत. टॉलस्टॉयचा जमिनीच्या मागं धावणारा पाहोम वाचताना त्यांनी जमीन विकणाऱ्या बाश्किर लोकांचा भाव टिपला, दिवसाला हजार रूबल, म्हणजे दिवसभरात पायी फेरी मारून येईल तेवढी जमीन, आणि आणखी एक नोंद केली. ज्या कारभाऱ्याच्या दंडानं तो आधी रडकुंडीला आला होता, तसाच दंड स्वतःची जमीन झाल्यावर तो शेजाऱ्यांना लावतो. अण्णा भाऊंच्या ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा राखेत सोनं शोधतो, त्याची बोटं मढ्याच्या जबड्यात अडकतात, ती तुटतात, आणि मग तो आधी जिथं कामाला होता ती बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होणार असल्याचं कळतं. याचंही तात्पर्य ‘लोभ’ असं छापलेलं सापडतं! खाण बंद पडली तेव्हा त्याच्या घरात जमेच्या बाजूला काय उरलं होतं, हे एका पोरीनं विचारलं. भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’मध्ये भाव पडल्यावर बाप भर बाजारात टोमॅटो तुडवतो. तिथं वही लागली नाही. ते गणित पोरींना घरूनच येतं.

आता एक अडलंय. मोपासाँची गोष्ट मैत्रिणीच्या वाक्यावर संपते. खरा हार तिच्याकडंच आहे. आता 36,000 मधून 500 गेले, उरलेले 35,500 कुणाच्या जमेला धरायचे? निम्म्या पोरी म्हणतात मातिल्दच्या, हार परत मिळेल की. बाकीच्या म्हणतात, हार मिळेल, पण गेलेली दहा वर्षं कुठल्या खात्यात टाकणार? यावरून रविवारी चांगलीच जुंपली. तुमची खुर्ची रिकामी ठेवलीय. गुडघ्याला उतार पडला की या, रिक्षा आम्ही पाठवतो, आणि या खेपेला रिक्षाचे पैसे द्यायला खिशात हात घालायचा नाही.

तुमचे,
वाचनगटातले सगळे
लातूर